स्पीकरने खरे बोलावे काय?

विजेच्या गिटारची वायर काढून ठेवली आणि तार छेडली, तर शेजारच्या खोलीतल्या माणसालाही ऐकू जाणार नाही असा किरटा आवाज निघतो. सतारीला भोपळा असतो, सारंगीला पोट असते, व्हायोलिनला पोकळ पेटी असते. ह्या वाद्याला भरीव लाकडाच्या फळीखेरीज काही नाही. मग ज्या आवाजाने घरातल्या पोरांनी माना डोलवाव्यात आणि आजोबांनी कानांत बोटे घालावीत, तो आवाज येतो कोठून? तो येतो दहा-पंधरा फूट वायरच्या दुसऱ्या टोकाला, एका लाकडी खोक्यात बसवलेल्या कागदाच्या शंकूतून. विजेच्या गिटारचा भोपळा तिच्या अंगाला जडलेला नसतो. तो दूर, जमिनीवर ठेवलेला असतो. ह्या भोपळ्याचा इतिहास मोठा मजेदार आहे. आणि गेल्या पंचवीस वर्षांत त्याने असे वळण घेतले आहे की, ज्याला स्वतःचे काही मत नाही असा स्पीकर द्या, अशी मागणी गिटारवादक दुकानात जाऊन करू लागले आहेत.

मी ह्या इतिहासात शिरलो तो भाचीमुळे. ती पुण्याला नोकरी करते आणि संध्याकाळी मित्रमैत्रिणींबरोबर गिटार वाजवते. तिने आपला जुना व्हॉल्व्हचा ध्वनिवर्धक विकला आणि पायाशी ठेवायची एक डिजिटल पेटी घेतली. पेटी म्हणजे एखाद्या जाड पोथीएवढा पत्र्याचा डबा. त्यात कितीतरी प्रख्यात ध्वनिवर्धकांच्या नकला भरलेल्या आहेत. आता हवा होता तो स्पीकर. दीड वर्ष बाजूला टाकलेले पैसे हाताशी होते, गणेशोत्सवातला पहिला मोठा कार्यक्रम समोर होता, आणि पैसे एकदाच खर्च व्हायचे होते. तिला गिटार शिकवणारे वृद्ध गृहस्थ मूळचे गोव्याचे. सारी उमेद मुंबईच्या आर्केस्ट्रांत गेलेली. ती त्यांना नुसते ‘अंकल’ म्हणते. त्यांचे म्हणणे असे की गिटारला गिटारचाच स्पीकर हवा. बरोबरीच्या मुलांचे म्हणणे, पूर्ण पल्ल्याचा घे. ती मंडळी त्याला ‘फुल रेंज’ म्हणतात. मी तरुणपणी रेडिओ दुरुस्त करीत असे. तेवढ्या भांडवलावर मला पंच नेमण्यात आले. “मामा, तुम्ही सांगाल तो घेते,” असे म्हणून ती मोकळी झाली. निवाडा द्यायचा तर दोन्ही पक्षांची घराणी पाहायला हवीत.

दोन्ही घराण्यांचे मूळ एकच आहे. १९१५ साली पीटर जेन्सन आणि एडविन प्रिडहॅम ह्या दोघांनी सॅन फ्रान्सिस्कोत मोठ्या जमावाला विजेच्या कर्ण्यातून भाषण ऐकवले. पुढे दहा वर्षांनी, १९२५ साली, जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग ह्यांनी कर्ण्याला रजा दिली आणि चुंबकात हलणाऱ्या तारेच्या वेटोळ्याला सरळ कागदाचा शंकू जोडला. चुंबकाच्या फटीत वेटोळे, वेटोळ्याला शंकू, शंकूच्या कडेला लवचीक पट्टी. आज आपल्या दिवाणखान्यातल्या टीव्हीत, मोटारीच्या दारात आणि देवळाच्या सभामंडपात जो स्पीकर असतो, तो बहुधा ह्याच रचनेचा असतो. शंभर वर्षे होऊन गेली तरी मूळ कल्पना बदललेली नाही, हे यंत्रांच्या जगात फार थोड्यांच्या वाट्याला आलेले भाग्य आहे.

पण एका शंकूला सगळा पल्ला झेपत नाही. माणसाचा कान सेकंदाला २० कंपनांपासून २०,००० कंपनांपर्यंत ऐकतो असे धरतात. वय वाढते तसा वरचा आकडा खाली येतो, माझा बराच आलेला आहे. खर्जासाठी पुष्कळ हवा ढकलावी लागते, त्याला मोठा शंकू हवा. अगदी वरच्या स्वरांसाठी मात्र सेकंदाला हजारो वेळा मागेपुढे होऊ शकेल असा लहान, हलका पडदाच हवा. बोलपटांचा जमाना आला आणि अमेरिकेतल्या संशोधकांना ह्या प्रश्नाने घेरले. १९२६ साली वेंट आणि थुरास ह्यांनी कर्ण्याच्या तोंडाशी बसवायचा एक जोरकस चालक तयार केला. १९३६ साली मेट्रो-गोल्डविन-मेयर ह्या चित्रसंस्थेच्या डग्लस शिअरर ह्यांच्या विभागाने खर्जाला एक आणि वरच्या स्वरांना दुसरा असा दुपदरी कर्णा चित्रपटगृहांसाठी बनवला. १९४५ साली अल्टेक लान्सिंग कंपनीने ‘व्हॉइस ऑफ द थिएटर’ ह्या नावाने त्याच परंपरेतले मोठमोठे स्पीकर काढले. ह्या सर्वांत मला सर्वांत हृद्य वाटतो तो २७ एप्रिल १९३३चा प्रयोग. फिलाडेल्फियाचा प्रसिद्ध वाद्यवृंद आपल्या गावी वाजवीत होता. श्रोते बसले होते वॉशिंग्टनच्या कॉन्स्टिट्यूशन हॉलमध्ये, आणि त्या वृंदाचे निर्देशक लिओपोल्ड स्टोकोव्स्की वाद्यांपाशी नव्हते, तेही वॉशिंग्टनलाच आवाजाच्या कळांपाशी बसले होते. तीन तारांवरून आलेला आवाज तीन स्पीकरांतून पसरला. वादक समोर नाहीत आणि तरी आहेत, हे करून दाखवणाऱ्या बेल प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञांचे प्रमुख होते हार्वे फ्लेचर. हे नाव वाचकांनी लक्षात ठेवावे. स्पीकर खरेदीच्या वेळी त्यांची पुन्हा गाठ पडायची आहे.

ह्या घराण्याचा धर्म एकच होता. आत जे आले तेच बाहेर जाईल. स्वतःच्या पदरचे काही घालायचे नाही. हे झाले सत्यवादी घराणे.

दुसरे घराणे गरिबीत वाढले. १९३१च्या सुमारास लॉस एंजेलिसमध्ये जॉर्ज बोशॅम्प ह्या हवाइयन गिटार वाजवणाऱ्याने अॅडॉल्फ रिकेनबॅकर ह्यांच्या मदतीने तव्यासारखी दिसणारी एक धातूची गिटार केली आणि तारांभोवती चुंबक बसवले. म्हणजे विजेच्या गिटारने पहिला ट्यांहा केला तो हवाइयन गिटारच्या रूपात, मांडीवर आडवी पडून. सिनेमाच्या गाण्यांच्या धुना ज्या गिटारवर वाजत आणि रेडिओवरून आपल्या स्वयंपाकघरांपर्यंत पोहोचत, ती ह्याच जातीची. तिला जो स्पीकर मिळाला तो रेडिओचाच होता. खास गिटारसाठी म्हणून कोणी डोके चालवले नव्हते. लिओ फेंडर ह्यांचेही तेच. १९३८ साली त्यांनी कॅलिफोर्नियातल्या फुलरटन गावी रेडिओ दुरुस्तीचे दुकान टाकले. स्वतः ते गिटार वाजवीत नसत. त्यांच्या ध्वनिवर्धकांत जे स्पीकर बसत ते पुष्कळदा जेन्सन कंपनीचे, म्हणजे वर आलेल्या पीटर जेन्सन ह्यांनी पुढे काढलेल्या कंपनीचे. एकाच मूळपुरुषाच्या दोन शाखा म्हणतात त्या अशा.

हा गिटारचा स्पीकर सत्याच्या कसोटीवर साफ नापास होतो. बारा इंची कागदाचा तो एकटाच शंकू. मदतीला लहान पडदा नाही. सेकंदाला ८० कंपनांच्या आसपास तो बोलू लागतो, दोन-तीन हजारांवर विनाकारण आवाज चढवतो आणि पाच हजारांच्या पुढे जवळजवळ गप्प होतो. वरचे स्वर आले की सगळा शंकू एकसंध हलत नाही. त्याचे निरनिराळे भाग निरनिराळे थरथरतात. गिटारच्या सर्वांत जाड तारेची कंपने ८२, आणि अगदी वरच्या पडद्यावरची हजार-बाराशेच्या घरात. एवढे ऐकू आले म्हणजे झाले, असा त्या काळचा हिशेब असावा.

परंतु गंमत पुढे आहे. व्हॉल्व्हच्या ध्वनिवर्धकाला त्याच्या ताकदीबाहेर दामटले की आवाजाच्या लाटांचे शेंडे कापले जातात आणि त्यातून असंख्य उपस्वर निर्माण होतात. त्यांतले वरचे इतके कर्कश असतात की करवतीने पत्रा कापल्याचा भास व्हावा. आणि नेमके हेच कर्कश स्वर तो नापास स्पीकर गिळून टाकतो! ध्वनिवर्धकाचा दोष स्पीकरच्या दोषाने झाकला. काट्याने काटा निघाला, आणि जे उरले ते कानाला गोड, भरदार, थोडे खरखरीत असे लागले. ज्यांनी तानपुऱ्याची जवारी लावताना पाहिली आहे त्यांना ह्याचे नवल वाटणार नाही. घोडीला नेमका उतार द्यायचा, तार तिला पुसट घासू द्यायची, मधे सुताचा धागा सरकवायचा. हा सारा खटाटोप कशासाठी, तर शुद्ध स्वर थोडा ‘बिघडावा’ म्हणून. त्या बिघडण्यालाच आपण झंकार म्हणतो. मिरजेचे कारागीर हे काम पिढ्यान् पिढ्या कानाने करीत आले आहेत. गिटारच्या जगात हीच जवारी अपघाताने सापडली, एवढाच फरक.

अपघात हा शब्द मी सैलपणाने वापरीत नाही. १९५१ साली मेम्फिसला सॅम फिलिप्स ह्यांच्या स्टुडिओत ‘रॉकेट ८८’ ह्या गाण्याचे ध्वनिमुद्रण झाले. गिटारवादक विली किझार्ट ह्याच्या ध्वनिवर्धकाचा शंकू वाटेत खराब झाला होता. तो मोटारीवरून पडला की पावसात भिजला, ह्याविषयी सांगणारे निरनिराळे सांगतात. पण फाटक्या शंकूत कागद कोंबून काम भागवले आणि तो घरघरणारा आवाज लोकांना आवडला, ह्यावर सर्वांचे एकमत आहे. १९६४ साली लंडनच्या किंक्स ह्या मंडळींतल्या डेव्ह डेव्हिस नावाच्या पोराने अपघाताचीही वाट पाहिली नाही. त्याने दाढीचे पाते घेतले आणि आपल्या लहानशा ध्वनिवर्धकाचा शंकू हाताने चिरला. ‘यू रिअली गॉट मी’ ह्या गाण्यातला तो आवाज जगभर गेला. फाटका स्पीकर दुकानदाराला परत करायचा असतो, ह्या समजुतीला बसलेला हा पहिला मोठा धक्का म्हणावा लागेल.

दरम्यान लंडनच्याच हॅनवेल भागात जिम मार्शल ह्या ढोल-ताशांच्या, म्हणजे विलायती ड्रम्सच्या, दुकानदाराने १९६२ साली फेंडरच्या एका ध्वनिवर्धकावरून आपला ध्वनिवर्धक तयार करवला. त्याच्या जोराखाली एक-दोन स्पीकर टिकेनात, म्हणून एका खोक्यात बारा इंची चार बसवले. ते सेलेस्टियन कंपनीचे होते. आज रंगमंचावर कपाटासारखी उभी दिसणारी जी काळी खोकी गिटारवाद्यांची शान समजली जातात, त्यांचा जन्म सौंदर्यदृष्टीतून झालेला नाही. स्पीकर फाटू नयेत म्हणून झालेला आहे.

आता मी एका अशा गोष्टीकडे येतो की जी लक्षात आल्यावर माझा निवाडा अर्धा झाला. १५ ऑगस्ट १९६५ रोजी न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये बीटल्स मंडळींनी ५५,००० हून अधिक श्रोत्यांपुढे कार्यक्रम केला. गिटारींना शंभर-शंभर वॅटचे ध्वनिवर्धक, गाण्यासाठी मैदानातले कर्णे, आणि ह्या सर्वांवर पोरींच्या किंकाळ्या. कोणाला काय ऐकू आले असेल ते देव जाणे. पुढच्या काही वर्षांत शहाणपण आले. गिटारच्या खोक्यापुढे मायक्रोफोन ठेवायचा, त्याची वायर मोठ्या यंत्रणेला जोडायची आणि श्रोत्यांना त्या सत्यवादी स्पीकरांतून ऐकवायचे, ही रीत पडली. तबकड्यांवर तर पहिल्यापासून हेच होते. म्हणजे पाहा: आपण श्रोत्यांनी रेडिओग्रामवर, कॅसेटवर किंवा मैदानात जी विजेची गिटार ऐकली, ती जवळजवळ नेहमी मायक्रोफोनने टिपलेली आणि पूर्ण पल्ल्याच्या स्पीकरवर वाजलेली. त्या खोक्यापुढे उभे राहून ऐकणारा एकच होता, तो म्हणजे वादक स्वतः. त्याला ऐकू येणारा आवाज आणि जगाला ऐकू येणारा आवाज हे दोन वेगळे होते, आणि कित्येक दशके कोणाला त्याचे वाईट वाटले नाही.

डिजिटल यंत्रांनी हा झाकलेला भेद उघड्यावर आणला. १९९८ साली कॅलिफोर्नियाच्या लाइन सिक्स कंपनीने राजम्याच्या दाण्याच्या आकाराची एक लाल पेटी काढली; ध्वनिवर्धक, खोके आणि मायक्रोफोन ह्या तिघांची नक्कल ती आकडेमोडीने करी. २००६ साली फ्रॅक्टल ऑडिओची आणि २०११ साली जर्मनीतल्या ख्रिस्टॉफ केम्पर ह्यांची यंत्रे आली, आणि नक्कल ओळखणे जाणकारांनाही अवघड होऊ लागले.

खोक्याची नक्कल कशी होते हे सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. विजापूरच्या गोलघुमटात जाऊन एक टाळी वाजवावी. जे प्रतिध्वनी परत येतात त्यांत त्या घुमटाचा सारा स्वभाव उतरलेला असतो. त्याचप्रमाणे गिटारच्या खोक्यातून एक क्षणभराचा कडक ‘टक्’ सोडायचा, समोरच्या मायक्रोफोनने तो टिपायचा, की त्या खोक्याचा ठसा मिळाला. वादक मंडळी त्याला ‘आयआर’ म्हणतात. प्रत्यक्षात ‘टक्’ऐवजी खालपासून वरपर्यंत चढत जाणारा सूर वाजवून गणिताने तोच ठसा काढतात. मग गिटारच्या आवाजाचे सेकंदाला ४८,००० तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्याला त्याच्या वजनाप्रमाणे हा ठसा लावायचा आणि सगळ्यांची बेरीज घ्यायची. हे काम ती पोथीएवढी पेटी दोन-चार सहस्रांश सेकंदांत उरकते. आवाज हवेतून एका सहस्रांश सेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर जातो. तेव्हा हा उशीर म्हणजे स्पीकरपासून पावलभर मागे सरकून उभे राहण्यासारखा आहे. पेटी मागे पडते ही अंकलची तक्रार ह्या हिशेबाने मी फेटाळली.

परंतु ठशाचा एक परिणाम अटळ आहे. खोटे बोलण्याचे काम आता पेटीच्या आत झाले. त्यानंतर तो आवाज पुन्हा गिटारच्या स्पीकरमधून काढला, तर एकाच कागदावर दोन शिक्के उमटतात. आवाज कांबळ्याखालून आल्यासारखा दबका होतो. उलट पेटीतला ठसा बंद ठेवून पूर्ण पल्ल्याच्या स्पीकरला जोडले, तर पाच हजारांच्या वरची सारी करवत कानात शिरते; गांधीलमाशी डब्यात कोंडल्यासारखे वाटते. कित्येक लोक ह्या एका चुकीच्या कळीपायी चांगला स्पीकर परत करून आले असतील. तेव्हा ठसा चालू आणि स्पीकर सत्यवादी, किंवा ठसा बंद आणि स्पीकर गिटारचा. तिसरी वाट नाही.

भाचीने आपली पेटी बरोबर घेतली आणि आम्ही वाद्यांच्या एका दुकानात गेलो. विक्रेत्याने पहिल्या खोक्यावरचा २००० वॅटचा आकडा दाखवला. असल्या आकड्यांना माझ्या मते फारसा अर्थ नसतो. तो बहुधा क्षणभराचा कमाल आकडा असतो. सतत मिळणारी शक्ती त्याहून पुष्कळ कमी असते. शिवाय शक्ती दुप्पट केली तरी आवाज तीनच डेसिबलने वाढतो, आणि कानाला दुप्पट वाटायला शक्ती साधारण दसपट लागते. म्हणून वॅटपेक्षा एक मीटरवर जास्तीत जास्त किती डेसिबल मिळतात आणि ते मोजले कसे, हे विचारावे. ड्रम वाजवणारा सोबती असेल तर हा आकडा महत्त्वाचा. घरी वाजवायचे असेल तर कोणताही पुरे. आपल्याकडे निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबलची आहे, हेही विक्रेत्याला सांगून पाहिले. तो हसला.

मग मी भाचीला मायक्रोफोन देऊन वर्तमानपत्रातली एक बातमी वाचायला लावली. गिटारच्या दुकानात गिटार न वाजवता बातमी वाचणारी गिऱ्हाइके विरळा. पण स्पीकरच्या खरेपणाची परीक्षा घ्यायला ओळखीच्या माणसाच्या आवाजासारखे साधन नाही. आपल्या माणसाचा आवाज नाकात गेला, घशात अडकला किंवा माठातून आला, तर कान लगेच सांगतो. पहिल्या खोक्यात ती माठातून बोलली. दुसऱ्यात ‘स’ आणि ‘श’ सुईसारखे टोचले. तिसऱ्यात ती माझी भाची होती.

हे तिसरे खोके एककेंद्री जातीचे होते. म्हणजे लहान कर्णा मोठ्या शंकूच्या मधोमध बसवलेला. टॅनॉय कंपनीने १९४७च्या सुमारास ही रचना नावारूपाला आणली. दोन्ही आवाज एकाच जागेतून निघत असल्यामुळे आपण बसलो, उभे राहिलो, बाजूला सरलो तरी स्वर फारसा बदलत नाही. अरुंद मंचावर चार पावले इकडे-तिकडे करणाऱ्याला हा मोठा फायदा. दुकानातल्या तिन्ही खोक्यांभोवती आम्ही प्रदक्षिणा घातल्या, ती कसोटी कागदावरच्या सगळ्या आकड्यांपेक्षा उपयोगी पडली. खोके जमिनीवर ठेवले की खर्ज फुगतो आणि वरचे स्वर गुडघ्यांना ऐकू जातात, म्हणून ते कानाच्या उंचीकडे उचलून पाहावे. मागच्या बाजूला ‘डीजे’, ‘मॉनिटर’ अशा नावांची बटणे असतात. परीक्षेच्या वेळी ती सर्व सपाट ठेवावीत. आतला ध्वनिवर्धक नव्या तऱ्हेचा, चालू-बंदच्या झपाट्यावर चालणारा असल्यामुळे वजन पंधरा-अठरा किलोंवर आले आहे. मार्शलचे चार स्पीकरांचे खोके जिन्याने चढवलेल्या माणसाला ह्या एका मुद्द्याचे मोल वेगळे सांगायला नको.

आणि येथे फ्लेचरसाहेबांची गाठ पडते. त्याच १९३३ साली त्यांनी आणि मन्सन ह्यांनी कानाविषयीचा प्रसिद्ध निबंध छापला. आवाज हळू असेल तर कानाला खर्ज आणि वरची टोके कमी ऐकू येतात, आणि आवाज मोठा झाला की ती वर उसळतात, हे त्यांनी मोजून दाखवले. भाची रात्री शेजाऱ्यांच्या भीतीने हळू आवाजात आपले सूर जुळवी; त्यात खर्ज वाढवी, वरचा भाग चढवी. तेच दुकानात मोठ्याने लावले तेव्हा पोटात ढोल आणि कानात सुया! बिचाऱ्या स्पीकरला दोष देऊन उपयोग नव्हता. ज्या मोठेपणाने वाजवायचे त्याच मोठेपणाने सूर लावावेत, हा त्या निबंधाचा गिटारवाद्यांना मिळालेला व्यवहारी प्रसाद आहे. त्यासाठी एक दुपार मंडळाचे रिकामे सभागृह मागून घ्यावे लागले.

अंकल त्या दुपारी आले होते. त्यांनी डोळे मिटून ऐकले. मग म्हणाले, “आवाज बरोबर हाय, बाळ. पन पाठीक लागना.” मला हे वाक्य फार महत्त्वाचे वाटते. त्यांच्या साऱ्या आयुष्यात गिटारचा आवाज मागच्या खोक्यातून येऊन पाठीवर आदळला होता. ठसा घेणारा मायक्रोफोन मात्र शंकूपासून दोन बोटांवर असतो. तो एक बिंदू टिपतो, खोलीभर पसरणारी हवा टिपत नाही. वादकाला जे ऐकू येत होते ते ह्या पद्धतीत गमावले जाते, आणि ते गमावणे खरे आहे. त्यावर थोडा इलाज होतो. मायक्रोफोन लांब ठेवून घेतलेला ठसा निवडला, खाली ८०-१०० कंपनांच्या खालचे आणि वर सहा-सात हजारांच्या पुढचे कापले, तेव्हा अंकलनी मान हलवली. पुरती नव्हे, निम्मी. तरीही मी कौल पूर्ण पल्ल्याच्या बाजूने दिला. तिच्या पेटीतून एक वायर ह्या स्पीकरला जाते आणि दुसरी मंडपातल्या यंत्रणेला. जे श्रोत्यांकडे जाणार तेच तिला ऐकू येणार. बिघडले तर तिला आधी कळणार. मंडपातल्या यंत्रणेत खर्ज किती फुगवलेला असतो हे वाचक जाणतातच, तेव्हा तेथल्या गृहस्थांना तिच्या वायरीपुरत्या कळा सरळ ठेवण्याची विनंती करावी लागली, आणि त्यांनी ती ऐकली.

दोन घराण्यांतले वैर आता मावळू लागले आहे. २०१८ साली लाइन सिक्सने असा सत्यवादी स्पीकर काढला की तो सांगाल त्या गिटारच्या स्पीकरची नक्कल करतो. २०२० साली केम्परनीही तसाच मार्ग धरला. २०२३ साली फेंडर कंपनीने जुन्या ध्वनिवर्धकासारखे दिसणारे, पण पोटात पूर्ण पल्ला असलेले खोके बाजारात आणले. डोळ्यांना जुने घर आणि कानांना नवे. सेलेस्टियनची तऱ्हा तर सर्वांत न्यारी. ज्या कंपनीच्या शंकूंनी मार्शलच्या खोक्याला आवाज दिला, तिनेच २०१९ साली डिजिटल पेट्यांसाठी पूर्ण पल्ल्याचा स्पीकर काढला, आणि त्याच्याही आधीपासून ती आपल्या जुन्या स्पीकरांचे नुसते ठसे विकत आहे. त्यात कागद नाही, चुंबक नाही, तारेचे वेटोळे नाही. पैसे भरायचे आणि आकडे उतरवून घ्यायचे. भाचीच्या पेटीत त्यांतले दोन आहेत. अंकलना आवडलेला त्यांतला दुसरा.